हात घालू नकोस

ओल्द्रिख सहा आठवडे येसेनिकच्या डोंगरात गेला,
फुप्फुसांना बरी हवा दाखवायला.
जाताना मला किल्ली दिली, आणि औषधाच्या पाकिटामागे
पेन्सिलीनं लिहिलेलं एवढंच:
दिवा सकाळी नऊला. साडेतीनला बंद.
माशांना एक दिवसाआड चिमूटभर, विसरलीस तरी चालेल.
पाणी उतरलं तर बशीवर ओत, वाळूवर नको.
आणि खाली, दोन रेघा मारून:
हात घालू नकोस.

तिसरा मजला, ओस्ट्रावा. खिडकीबाहेर
खाणीतून उपसलेल्या दगडमातीची टेकडी,
तिच्यावर कुणी न लावलेले बर्च.
आत साठ लिटरची काच.
तळाला चाळलेली बागेतली माती, वर बोटभर वाळू,
आणि वाळूत दोन-दोन बोटांवर
गवताच्या एकोणीस काड्या,
बाहुलीनं कांद्याची रोपं लावावीत तशा.

दुकानदार त्याला म्हणाला होता, गालिचा हवा ना,
मग सिलिंडर घ्या, वायू सोडा,
महिन्यात तळ दिसणार नाही.
ओल्द्रिख एकतीस वर्षं जमिनीखाली
त्याच वायूला भीत आला.
सखल बोगद्यात तो पाण्यासारखा साचतो,
वास नाही, रंग नाही,
दिव्याची ज्योत तेवढी बुटकी होते
आणि गुडघ्यांवर बसलेला माणूस उठत नाही.
"तो पैसे देऊन घरात आणू?"
म्हणाला, "मासे सोडतात तेवढा पुरे,
माती कुजते तेवढा पुरे.
मला कुठं जायचंय."

मी रात्रपाळीची नर्स.
दर दोन तासांनी नाडी, ताप, सलाईन;
काही न करणं मला कुणी शिकवलेलं नाही.
पहिल्या आठवड्यात पानं काचेसारखी झाली
आणि विरघळली.
गोगलगाई जेवून गेल्या.
दुसऱ्या आठवड्यात काही नाही.
तिसऱ्यातही.
मग एका मंगळवारी, वॉर्डातला सात नंबरचा पलंग
रिकामा करून आले होते त्या सकाळी,
मी बाही वर सारली
आणि कोपऱ्यातली एक काडी उपटली.

मूळ होतं.
पांढरं, इंचभर, टोकाला मातीचा कण.
तिनं जीव धरला होता
आणि आता ती माझ्या चिमटीत होती.

खालची माती ढगासारखी उठली. मासे पंपामागे गेले.
भुवयांच्या चिमट्यानं मी ती परत रोवली,
ती वर आली.
रोवली. वर आली.
पाचव्यांदा राहिली, माझ्यावर उपकार केल्यासारखी, तिरपी.

पाचव्या आठवड्यात इतरांनी दोरे सोडले:
वाळूखालून सरपटत, दोन बोटं पुढं जाऊन
एक नवी काडी वर,
तिथून पुन्हा दोरा.
कुणी कुणाला विचारत नव्हतं.
माझी तेवढी उभी होती.

तो आला तेव्हा कोटही न काढता स्टुलावर बसला.
त्याचा श्वास मला दारातून ऐकू येत होता.
काचेवर बोट टेकवत मोजत गेला,
कोपऱ्यात थांबला.
"ही वाकडी."
मी म्हटलं, गोगलगाय असेल.
"हं," तो म्हणाला. "चिमटा असलेली."

आता मार्च सरतोय. तळ बराचसा हिरवा आहे,
कुठं दाट, कुठं वाळू, कडेला जरा शेवाळ;
दुकानातल्या चित्रासारखं काही नाही.
कोपऱ्यात नाण्याएवढी जागा अजून उघडी आहे
आणि तिच्या मधोमध ती.
मी म्हटलं, शेजारची एक काढून तिथं लावू?
त्यानं मान हलवली.
"हिला एकदा वर काढलंय.
मलाही काढलं होतं, एकोणऐंशी साली, चौघांनी धरून.
वर आलो म्हणजे झालं असं लोकांना वाटतं."

साडेतीन वाजले होते.
तो दिवा बंद करायला उठला,
बटणापर्यंत दोनदा थांबत,
आणि मी
हात मांडीवर ठेवून बसून राहिले.